गाडीला दहापैकी दहा : कोणी दिले, कशाचे दिले?



बाभुळगावला आमच्या वस्तीतले एक गृहस्थ शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर घंटा वाजवली, पोरे शिकवली, एक मुलगी सासरी पाठवली. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले. थोरला मुलगा यवतमाळ–धामणगाव रस्त्यावर दुसऱ्याची गाडी चालवतो. दिवसभर गाडी त्याने हाकायची आणि संध्याकाळी पैसे मालकाच्या हाती द्यायचे. आता घरची गाडी घ्यावी, थोडे पैसे आपले, थोडे बँकेचे, असा विचार निघाला. विचार चांगलाच आहे.

एका संध्याकाळी बापलेक विहाराच्या ओट्यावर माझ्याकडे आले. मुलाने मोबाईल पुढे केला. त्यावर एका गाडीची जाहिरात होती, आणि तिच्यात मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'ग्राहक समाधानात देशात क्रमांक एक.'

"गुरुजी, हे पाहा न. हजारो मालकायले विचारून काढलं म्हणते. याच गाडीचं जुनं मॉडेल यवतमाळले मिळून राहिलं. घेऊन टाकाव काय?"

बाप हळूच म्हणाला, "गुरुजी, छापलेलं खोटं असते काय?"

मी म्हटले, खोटे असेलच असे नाही. पण खरे असले तरी ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे का, हे आधी पाहावे लागेल. त्या दिवशी ओट्यावर जे बोलणे झाले ते आज आपणा सर्वांसाठी लिहीत आहे, कारण असा पैसा आपल्या घरात एकदाच येतो.

हे समाधानाचे आकडे येतात कुठून, ते प्रथम पाहू. या धंद्यातले सर्वांत गाजलेले नाव जे. डी. पॉवर. जेम्स डेव्हिड पॉवर नावाच्या गृहस्थाने १९६८ साली अमेरिकेत ही कंपनी काढली. गाडीच्या मालकांना प्रश्न विचारायचे, उत्तरांचे आकडे करायचे आणि ते कंपन्यांना विकायचे, हा तिचा धंदा. भारतातही तिचे अभ्यास अनेक वर्षे झाले. त्यातला एक प्रकार नव्या गाडीचा. गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्या मालकाला विचारतात, काय काय बिघडले? दुसरा प्रकार टिकाऊपणाचा. त्यात गाडी घेऊन सुमारे अडीच ते साडेतीन वर्षे झालेल्या मालकाला विचारतात. शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, तो आकडा काढतात. आकडा जितका कमी, तितकी गाडी चांगली. तिसरा प्रकार सर्व्हिसिंगचा, म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला कसे वागवले याचा.

हे तिन्ही प्रकार वेगवेगळे आहेत, पण जाहिरातीत सगळ्यांचे एकच वाक्य होते, 'आम्ही क्रमांक एक.' एक उदाहरण देतो. सर्व्हिसिंगच्या अभ्यासात मारुती सुझुकी २०१२ साली सलग तेराव्या वर्षी पहिली आली होती. ते खरे होते. तिची वर्कशॉप गावोगाव होती आणि लोक खूश होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. मारुतीची अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवॅगन पोलो, या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या नमुन्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. पोलोला एअरबॅग लावून पुन्हा आदळली तेव्हा चार तारे मिळाले. आता सांगा, ग्राहक खोटे बोलले का? नाही. त्यांना विचारले होते सर्व्हिसिंगचे, आणि त्यांनी सर्व्हिसिंगचेच सांगितले. गाडी आदळल्यावर आपले काय होईल, हे समाधानी मालकाला कसे ठाऊक असणार? ज्याला ते ठाऊक झाले, तो फॉर्म भरायला राहिलाच असेल असे नाही.

मालकाला जे दिसते तेवढेच तो सांगतो. १९१५ असो की २०१५, माणूस डोळ्यांनीच पाहतो. २०१५ साली उघड झाले की फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांत अशी युक्ती केली होती की तपासणीच्या वेळी धूर कमी दिसावा. भारतातही त्या कंपनीच्या समूहाला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मालकांना वर्षानुवर्षे त्याची गंधवार्ता नव्हती. गाडी छान पळत होती, आणि मालक समाधानी होते.

म्हणून पहिली गोष्ट. समाधान वेगळे, टिकाऊपणा वेगळा, सुरक्षितता वेगळी. कोणता आकडा कशाचा आहे, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट मोजण्याची. शंभर गाड्यांमागे तक्रारी मोजतात तेव्हा जे. डी. पॉवरच्या रीतीत प्रत्येक तक्रार एक म्हणून धरली जाते. मोबाईल गाडीच्या पडद्याला जोडला जात नाही, ही एक तक्रार. गिअरबॉक्स गेला, ही पण एकच तक्रार. ज्याची गाडी ऑफिसला जाण्यापुरती आहे, त्याला पडदा बंद पडल्याचा राग येईल. आपल्या पोराला गिअरबॉक्सचे बिल भरावे लागेल. आणि समजा, एका गाडीला शंभरामागे ९० तक्रारी आणि दुसरीला १०० आल्या. म्हणजे एका गाडीमागे एक तक्रारही पुरी नाही, आणि दुसरीत बरोबर एक. एवढ्या फरकावर एक गाडी वर चढते, दुसरी खाली उतरते. यादीत मात्र पहिला आणि सातवा यांत मोठी दरी दिसते.

अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचे मासिक आहे. ते काढणारी संस्था १९३६ पासून आहे. ती गाड्यांच्या कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही, तपासायची गाडी स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घेते, आणि सभासदांनी कळवलेल्या बिघाडांपैकी मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते. ही रीत जास्त सरळ आहे. पण तिच्या सभासदांचे रस्ते अमेरिकेचे आहेत. खडक सावंग्याच्या, बेंबळा धरणाच्या बाजूच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी कशी फसते आणि मे महिन्यात ऊन ४५ अंशाला टेकले की इंजिन कसे तापते, हे त्यांच्या फॉर्ममध्ये येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विचारले कोणाला?

याच १९३६ सालची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मोठ्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, आणि वीस लाखांच्या वर परत आल्या. एवढा मोठा आकडा! त्यांनी छापले की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. चूक कुठे झाली? पत्ते त्यांनी बहुतेक टेलिफोनच्या पुस्तकातून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीचे दिवस होते. ज्याच्या घरी फोन आणि दारी मोटार, त्यालाच विचारले. कारखान्यातला मजूर आणि काम सुटलेला माणूस यादीतच नव्हते. शिवाय पत्र परत पाठवण्याची तसदी घेतली तीही ठराविक लोकांनीच. त्याच वेळी गॅलप नावाच्या माणसाने फक्त पन्नास हजारांच्या आसपास माणसांना विचारून बरोबर सांगितले, कारण त्याने सर्व थरांतली माणसे निवडली होती.

म्हणून 'हजारो लोकांना विचारले' याने दिपून जाऊ नका. हजारो कोण, ते पाहा. आपल्या देशातल्या या पाहण्या निवडक शहरांतल्या, नवी गाडी शोरूममधून घेतलेल्या मालकांच्या असतात. टिकाऊपणाची पाहणीसुद्धा पहिल्या मालकापर्यंतच जाते. आपण काय घेणार? सात-आठ वर्षे झालेली, दोन हात बदललेली गाडी. म्हणजे पाहणी जिथे संपते, तिथून आपला संसार सुरू होतो. आणि आणखी एक. पाहणीत मालकाला विचारतात. मालक मागच्या सीटवर बसतो, क्लच दाबणारा पाय आपल्या पोराचा असतो. त्याला कोणी फॉर्म देत नाही.

चौथी गोष्ट माणसाच्या मनाची. जी वस्तू आपण पदरचे पैसे घालून घेतली, तिला वाईट म्हणवत नाही. १९५६ साली जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन संशोधकाने काही विद्यार्थिनींना घरातली विजेची उपकरणे दाखवून गुण द्यायला सांगितले. मग म्हटले, यातले एक घरी न्या. निवड झाल्यावर पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते, नाकारलेलीचे कमी झाले होते. वस्तू तीच, गुण मात्र बदलले. आपल्याकडे वेगळे आहे का? लग्नात घेतलेला कूलर खडखड करत असला तरी आपण म्हणतो, हवा मात्र जोरात देतो हो!

टंचाईतही असेच होते. पुण्याच्या बजाज चेतकसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचीही तीच तऱ्हा. एवढ्या वाटेनंतर स्कूटर दारात आली की ती तिरपी करून चालू करावी लागते, ही तक्रार कोण करणार? तिला हळदीकुंकू लावणारेच सगळे. त्या काळी समाधानाची पाहणी झाली असती तर भरभरून गुण मिळाले असते. ते गुण स्कूटरचे कमी आणि संपलेल्या प्रतीक्षेचे जास्त.

आणि पाचवी गोष्ट, जी आपल्या पोरांनीच मला सांगितली. गाडी घेताना किंवा सर्व्हिसिंग करून आणताना काउंटरवरचा मुलगा हात जोडतो, "दादा, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी माझे पैसे कापतात." आता तुम्ही काय करणार? तो पण आपल्यासारख्याच घरचा पोरगा. तुम्ही दहा देता. मी पण दिले असते. त्याच्यावर दया करण्यात चूक नाही. पण तो दहाचा आकडा पुढे छापून येतो तेव्हा तो गाडीचा राहत नाही, तुमच्या दयेचा होतो. दोष त्या पोराचा नाही. त्याच्या पगाराचा काटा आपल्या तोंडच्या आकड्याला बांधला, ती रीत चुकीची आहे.

मग या पाहण्या कचऱ्यात टाकायच्या का? नाही. एवढ्या लांब जाऊ नका. त्यांचा उपयोग आहे, पण तो निवड करण्यापेक्षा नाकारण्यासाठी. एखादी गाडी टिकाऊपणाच्या पाहणीत दोन-तीन वर्षे सतत तळाशी असेल, आणि तक्रार इंजिन, गिअर, ब्रेक यांची असेल, तर तिला यादीतून काढा. पहिली की तिसरी, याच्याकडे लक्ष देऊ नका. आणि वर्ष जरूर पाहा. टाटा इंडिकाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुण्यात तयार झालेली ही गाडी १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आली. एक लाखाच्या वर आगाऊ नोंदणी झाली. पण पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २००१ साली 'व्ही-टू' आणली. तीच गाडी पुढे वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर टॅक्सी म्हणून धावली. १९९९ चे मत २००३ च्या गाडीला लावले असते तर चुकलो असतो. आणि २००३ चे मत ऐकून कोणी १९९९ ची जुनी गाडी घेतली असती, तर जास्तच चुकला असता.

जाहिरातीतला 'क्रमांक एक' दिसला की खाली बारीक अक्षरे वाचा. मुंबईत १९८५ पासून जाहिरातदारांची स्वतःचीच एक परिषद आहे. तिचाही नियम आहे की पाहणीच्या आधारे दावा केला तर ती पाहणी कोणाची आणि कधीची, हे जाहिरातीत लिहावे. ते लिहिलेले नसेल, तर त्या दाव्याची किंमत शून्य धरा. लिहिलेले असेल, तर आकडा सर्व्हिसिंगचा की टिकाऊपणाचा, ते पाहा. पुरस्काराचे नाव जाहिरातीत वापरण्यासाठी कंपन्या जे. डी. पॉवरला पैसे मोजतात, हेही ध्यानात असू द्या. त्याने पाहणी खोटी ठरत नाही. पण ज्याला कमी गुण मिळाले, तो पैसे भरून ते छापणार नाही. म्हणून आपल्यापर्यंत फक्त जिंकलेल्यांच्या बातम्या येतात.

हे सर्व ऐकून मुलगा म्हणाला, "मग गुरुजी, विचारू कोणाले?"

मी म्हटले, तू स्वतः पाहणी कर. शाळेची एक वही घे. यवतमाळच्या, कळंबच्या, धामणगावच्या स्टँडवर जा. पण 'गाडी कशी आहे?' असे कोणाला विचारू नको. त्याचे उत्तर 'एक नंबर' असेच येते, कारण तोही आपल्या गाडीची लाज राखतो. असे विचार : मागच्या वर्षी गाडी किती दिवस उभी होती? क्लच प्लेट किती किलोमीटरवर टाकली? इंजिन खोलावे लागले का, केव्हा? पाटे, बुश, शॉकअब किती वेळा बदलले? पार्ट यवतमाळला मिळाला की नागपूरहून मागवावा लागला? मत विचारू नको, झालेली गोष्ट विचार.

दुसरे, ज्याने ती गाडी विकून टाकली त्याला शोध. तो कोणत्याच पाहणीत नसतो, आणि सर्वांत जास्त त्यालाच माहीत असते.

तिसरे, मिस्त्रीला विचार, पण हिशोबाने. गॅरेजात निरोगी गाडी येत नाही, म्हणून मिस्त्रीला सगळ्याच गाड्या आजारी दिसतात. रस्त्यावर एका जातीच्या वीस गाड्या आणि दुसरीच्या चार असतील, तर गॅरेजात पहिलीच जास्त दिसणार. म्हणून किती येतात हे विचारू नको. कशासाठी येतात आणि किती दिवसांत परत जातात, ते विचार.

आणि ध्यानात ठेव, तुझी पाहणी पण लहानच आहे. आठ-दहा माणसांवरून देशाचे सांगता येत नाही. पण तुला देशाचे नकोच आहे. तुला पाहिजे तेवढी पन्नास-साठ किलोमीटरची वाट.

आठवड्याभराने बापलेक वही घेऊन आले. अकरा जणांना विचारले होते. जाहिरातीतली ती गाडी चालवणारे तिघे भेटले, विकून टाकलेला एक भेटला. इंजिनची तक्रार कोणाचीच नव्हती. पण चौघांपैकी तिघांची गाडी एका पार्टसाठी आठवड्याहून जास्त दिवस उभी राहिली होती, कारण तो पार्ट इकडे मिळत नव्हता. दुसऱ्या एका जुन्या धाटणीच्या गाडीला बिघाड जास्त होते, पण ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येत होती. शहरातल्या पाहणीत ही दुसरी गाडी नक्कीच खाली गेली असती.

या वेळी मुलाची आई पण सोबत आली होती. ती सर्व ऐकत होती. मग म्हणाली, "गुरुजी, मले यातलं काही समजत नाही जी. पण गाडी दहा दिवस उभी राहिली त त्या महिन्याचा हप्ता कोण भरन?"

मी त्या बाईला म्हटले, ताई, एवढ्या पाहण्या मी वाचल्या, पण हा प्रश्न मला कुठे दिसला नाही. तुमच्या वहीत तो पहिल्या पानावर लिहा. दिवसाची कमाई, डिझेल वजा जाता, धरा ८०० रुपये. दहा दिवस म्हणजे ८,००० गेले, वर पार्टचे बिल. तेवढे पैसे बाजूला ठेवूनच गाडीची किंमत ठरवा. सगळा फंड गाडीत घालू नका.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची आणि परमिटची हवी. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज तर नाही ना, हे आर.सी. बुकावर पाहा, असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि फसवणूक झालीच तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल, तर कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात. १९१५ या क्रमांकावर फोन लावता येतो. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

त्या कुटुंबाने अजून गाडी घेतलेली नाही. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत, आणि सोबत मिस्त्री नेऊन तिसरी पाहणार आहेत. वही मात्र भरत चालली आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी आपापल्या बिघाडांची तारीख, किलोमीटर आणि खर्च असाच लिहून ठेवावा. उद्या वस्तीतला दुसरा पोरगा फंडाचे पैसे घेऊन निघेल, तेव्हा ती वही त्याच्या कामी येईल.